प्रोकॅल्सिटोनिन: अँटिबायोटिक थांबवायला घ्या, सुरू करायला नको

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयाचं आयसीयू मी सांभाळते. मिक्सरपासून मिसळीपर्यंत सगळ्याचे रिव्ह्यू लोक लिहितात, पण आयसीयूच्या बिलात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या एका ओळीचा रिव्ह्यू मराठीत मला काही सापडला नाही. ती ओळ म्हणजे ‘पीसीटी’, पूर्ण नाव प्रोकॅल्सिटोनिन. आमच्या भागात एका वेळचे दोन-अडीच हजार रुपये. तपासणी लिहितो आम्ही, पैसे मोजतात नातेवाईक, आणि ती नेमकी कशासाठी केली हे विचारलं तर दोघंही गप्प, असं बऱ्याचदा होतं.

मत आधीच देऊन टाकते. अँटिबायोटिक कधी बंद करायचं हे ठरवायला वापरली तर पाचपैकी चार. सुरू करायचं की नाही हे ठरवायला वापरली तर एक. आणि ‘सेप्सिस पॅनेल’मध्ये (संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडल्याचा, म्हणजे सेप्सिसचा, संशय आला की एकदम लिहिला जाणारा तपासण्यांचा गठ्ठा) आपसूक येते म्हणून एकदाच केली, रिपोर्ट फाईलला टाचला आणि पुढे गेलो, तर शून्य. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चालतो.

आता ही चीज काय आहे ते. थायरॉईड ग्रंथीत कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक बनतं. प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे त्याच्या आधीची पायरी, ११६ अमिनो आम्लांची साखळी. धडधाकट माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच, मिलिलिटरला ०.१ नॅनोग्रॅमच्याही खाली. पण जिवाणूंचा संसर्ग अंगभर पसरला की यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं, अगदी चरबीच्या पेशीसुद्धा ते बनवायला लागतात. काही तासांत आकडा चढतो, साधारण दिवसभरात शिखराला पोचतो, आणि संसर्ग आटोक्यात आला की जवळपास चोवीस तासांत निम्मा होत जातो. विषाणूंच्या आजारात शरीर जे इंटरफेरॉन सोडतं ते हे उत्पादन दाबून ठेवतं, म्हणून साध्या फ्लूमध्ये तो सहसा फार वर जात नाही. १९९३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी संसर्गाच्या संशयाने दाखल झालेल्या मुलांच्या रक्तात हे मोजून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. तिथून ही तपासणी बाजारात आली.

चोवीस तासांत निम्मा होणं, याच एका गुणासाठी मी ती विकत घेते. बाकी तिच्याबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं या गुणापुढे दुय्यम आहे.

घेण्याआधी मॉडेल बघा. मोठ्या लॅबमध्ये ब्राम्सचं क्रिप्टर असतं, बायोमेरिओचं व्हिडास असतं, किंवा दुसऱ्या कुठल्या कंपनीचं मशीन. ही मशीनं नमुना लावल्यापासून वीसेक मिनिटांत आकडा देतात, त्यात तक्रारीला जागा नाही. वेळ खातो तो नमुना मशीनपर्यंत पोचायला. आमचा नमुना पूर्वी बाहेरच्या एका लॅबमध्ये जायचा. सिस्टरनी पहाटे काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आरएमओच्या, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, तोवर राऊंड संपलेला आणि त्या दिवसाचे मेरोपेनेमचे (हे एक भारी अँटिबायोटिक) डोस गेलेले. बंद करायचं की नाही हे सकाळच्या राऊंडला ठरतं. रिपोर्ट राऊंडच्या आधी हातात नसेल तर एक दिवस फुकट गेला, आणि या तपासणीचा सगळा फायदाच मुळी एक-दोन दिवसांचा आहे, हे पुढे येईल. आता आमच्याच इमारतीत मशीन आलंय, तेव्हापासून माझं मत जरा सुधारलं.

छोट्या रुग्णालयांत कार्ड मिळतं. त्याच्या पट्टीवर रेघ उमटते, तिच्या गडदपणावरून आकडा चार गटांपैकी कुठल्या गटात बसतो ते ठरवायचं: ०.५ च्या खाली, ०.५ ते २, २ ते १०, किंवा १० च्या वर. रात्री अकराला तालुक्याच्या गावी दाखल झालेला रुग्ण पुढे पाठवायचा का, एवढ्या विचाराला ते ठीक असेल. अँटिबायोटिक थांबवायला मात्र निरुपयोगी. कालचा ८० आणि आजचा ४०, दोन्ही कार्डवर ‘१० च्या वर’. उतार दिसतच नाही आणि आपल्याला उतारच बघायचा आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी, त्यांच्यावर पैसे वाया जाताना रोज बघते. काही रिपोर्टवर नुसतं ‘१०० पेक्षा जास्त’ लिहून येतं. मग शिखर १०५ होतं की ३००, कळायला मार्ग नाही, आणि टक्केवारी कशाची काढणार? अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा लावायला लॅबला सांगावं लागतं, आणि मागितल्याशिवाय कुणी करत नाही. दुसरं म्हणजे जतहून किंवा अथणीहून आलेल्या रुग्णाचा पहिला आकडा तिकडच्या मशीनचा असतो आणि दुसरा आमच्या. दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मी आमच्याकडे आल्याबरोबर पहिला नमुना नव्याने घेते आणि हिशेब तिथून धरते. नातेवाईक कुरकुरतात, “मॅडम, हा तर कालच केलाय की वो,” आणि त्यांची कुरकूर रास्त असते.

नातेवाईकांचा विषय निघालाच आहे तर. रिपोर्ट आजकाल आमच्या आधी त्यांच्या मोबाईलवर जातो. “मॅडम, पीसीटी अठरा आलाय, म्हंजे लई झालं न्हवं? इंटरनेटवर दोनच्या वर सेप्सिस लिहिलंय.” मी विचारते, परवा किती होता? परवा साठ होता. मग अठरा ही चांगली बातमी आहे, दादा. हे सांगली-मिरजेच्या माणसाला समजावणं मला कधी जड गेलं नाही. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं: ४० ला इशारा, ४५ ला धोका. पण दुकानातला माल माडीवर चढवायचा की माडीवरचा खाली आणायचा, हे पाणी चढतंय का उतरतंय यावर ठरतं. चढतीचे ४३ फूट वेगळे आणि उतरतीचे ४३ फूट वेगळे. एवढं सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून काका स्वतःच विचारतात, “आज उतार किती?”

आता वापरायची पद्धत. संशोधनात रुळलेला नियम असा: आकडा शिखरापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५ च्या खाली गेला, आणि रुग्ण अंगाने सुधारतोय, तर अँटिबायोटिक बंद करायचा विचार करा. समजा शिखर ६४. रोज निम्मा होत गेला तर ३२, १६, ८. म्हणजे तिसऱ्या दिवशीच ८० टक्क्यांची रेघ ओलांडली. तोच रुग्ण ०.५ ची वाट बघत ठेवला तर आठवडा जातो. म्हणून शिखर उंच असेल तिथे टक्केवारी कामाची, आणि सुरुवातच २-३ ने झाली असेल तिथे ०.५ ची रेघ. प्रत्यक्षात उतार इतका गुळगुळीत कधी नसतो. मूत्रपिंडं बंद पडलेल्या रुग्णात तो रेंगाळतो. एखाद्या दिवशी जागचा हलत नाही. पण मूत्रमार्गात खडा अडकून वर पू साठलेली आजी घ्या: यूरोसर्जननी स्टेंट घालून वाट मोकळी केली की तिचा आकडा असा घसरतो की पाचव्या दिवशी मला कुणाशी वाद घालावा लागत नाही.

हे मी मनाने सांगत नाही. २०१० साली फ्रान्समध्ये ‘प्रोराटा’ नावाची चाचणी झाली, आयसीयूतले ६२१ रुग्ण. पीसीटीच्या आधाराने चाललेल्या गटाला २८ दिवसांत अँटिबायोटिकविना सरासरी १४.३ दिवस मिळाले, नेहमीच्या पद्धतीत ११.६. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतचे मृत्यू जवळजवळ सारखे, २१.२ आणि २०.४ टक्के. साठाव्या दिवशी ३० आणि २६.१ होते, संख्याशास्त्राच्या हिशेबाने तो फरक ठाम नव्हता, पण बरीच वर्षं तो अनेकांच्या डोळ्यांत सलत होता आणि माझ्याही. मग २०१६ साली नेदरलँड्सच्या ‘सॅप्स’ चाचणीचा निकाल आला. तिथली १५ आयसीयू, १,५४६ रुग्ण. अँटिबायोटिकचा मध्यक कालावधी पीसीटी गटात ५ दिवस, दुसऱ्यात ७. आणि २८ दिवसांतले मृत्यू २० टक्के विरुद्ध २५ टक्के, म्हणजे पीसीटी गटात कमी. कमी औषधाने माणसं जास्त कशी वाचतील, असा प्रश्न आमच्या कॉन्फरन्समध्ये तावातावाने विचारला गेला. एक उत्तर मला पटतं: आकडा कमी आहे म्हटल्यावर डॉक्टर जिवाणूंचा नाद सोडून खरं कारण शोधायला लागतो. अँटिबायोटिक चालू असलं की ‘काहीतरी चाललंय’ असं सगळ्यांनाच वाटत राहतं.

त्यानंतरची मोठी चाचणी ब्रिटनची, ‘अ‍ॅडाप्ट-सेप्सिस’. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेची ४१ आयसीयू, २,७६० रुग्ण, निकाल डिसेंबर २०२४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात. हिची रचना मला फार आवडली. रोज रक्त घेतलं जायचं, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरला आकडा दाखवायचेच नाहीत, फक्त ‘थांबवायला हरकत नाही’ किंवा ‘चालू ठेवा’ अशा धाटणीचा सल्ला जायचा. त्यामुळे हा सल्ला पीसीटीवरून आलाय की सीआरपीवरून (रक्ताचीच दुसरी, जुनी आणि स्वस्त तपासणी), की नेहमीचीच पद्धत चाललीय, हे त्याला कळायचं नाही. पीसीटी गटात अँटिबायोटिक ९.८ दिवस, नेहमीच्या पद्धतीत १०.७. मृत्यू २०.९ आणि १९.४ टक्के, आधी आखून घेतलेल्या सुरक्षिततेच्या मर्यादेच्या आत. सीआरपीचा गट १०.६ वर अडकला, म्हणजे फरक जवळपास नाहीच, आणि त्याच्या सुरक्षिततेबद्दलही ठाम काही निघालं नाही.

तेव्हा नेदरलँड्समध्ये दोन दिवस वाचले, ब्रिटनमध्ये पुरा एकही नाही. मी अर्धा गुण इथेच कापला. जगभर सगळेच हळूहळू कोर्स आखूड करत चाललेत, त्यामुळे तपासणीला कापायला उरतं कमी.

सीआरपीबद्दल दोन शब्द, कारण कॅश काउंटरवर हमखास विचारतात, “मॅडम, चारशेवाला आहे की, दोन हजारवाला कशाला?” सीआरपी जुना, १९३० साली न्यूमोकोकसच्या अभ्यासात सापडलेला, यकृतात बनणारा. तो संसर्गाने वाढतो, ऑपरेशनने वाढतो, संधिवाताने वाढतो, आणि हलायला संथ. वॉर्डमध्ये, ओपीडीत मी तो आनंदाने वापरते. आयसीयूत अँटिबायोटिक बंद करायला त्याच्यावर विसंबत नाही. शिवाय त्याच्या एककाचा घोळ आहेच: एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देते, दुसरी प्रति डेसिलिटर. १२ आणि १२० हा एकच आकडा असू शकतो, आणि मधल्या रात्रीत कुणीतरी ‘सीआरपी दसपट झाला’ म्हणून अँटिबायोटिक बदलून ठेवतं.

पण पीसीटीचा खरा प्रतिस्पर्धी भिंतीवरचं कॅलेंडर आहे, आणि ते फुकट मिळतं. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाला १५ दिवसांऐवजी ८ दिवस बहुतेकांना पुरतात हे फ्रान्समधल्याच एका चाचणीने २००३ साली दाखवलं. पोटातला पू नीट काढून टाकला असेल तर साधारण ४ दिवस पुरतात, हे २०१५ च्या ‘स्टॉप-इट’ने. रक्तात जिवाणू सापडलेल्या ३,६०८ रुग्णांची ‘बॅलन्स’ चाचणी २०२४ च्या अखेरीस आली: ७ दिवस दिलेल्यांत ९० दिवसांतले मृत्यू १४.५ टक्के, १४ दिवस दिलेल्यांत १६.१. (स्टॅफिलोकॉकस ऑरियसवाले त्यात घेतले नव्हते, तो जिवाणू हट्टी, त्याला हा हिशेब लागू करू नये.) म्हणजे आजार कुठला, जिवाणू कुठला, पू निघाला का, ही तीन उत्तरं हातात असतील तर मी पीसीटी लिहीतच नाही. सातवा दिवस आला, रुग्ण बरा आहे, बंद. त्यासाठी दोन हजार कशाला घालवायचे?

मग ही तपासणी उरते कुणासाठी? तर आमच्या नेहमीच्या रुग्णासाठी. तो आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून आलेला असतो, मग तालुक्याला दोन दिवस राहिलेला असतो, तिथे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपासून पिपरॅसिलिनपर्यंत सगळं होऊन आमच्या दारात येतो. आम्ही रक्ताचं, लघवीचं, थुंकीचं कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी, पाठवतो आणि तीन दिवसांनी उत्तर येतं: वाढ नाही. वाढ कशी होईल, चार औषधं आधीच पोटात आणि शिरेत गेलेली. जिवाणूचं नाव नाही, त्यामुळे किती दिवस द्यायचं याचं पुस्तकी उत्तर नाही. रुग्ण सुधारतोय, पण किंचित ताप आहे, पांढऱ्या पेशी चौदा हजारांवर आहेत. इथे कॅलेंडर बोलत नाही आणि भीती बोलायला लागते. अशा वेळी पीसीटीचा उतरता आकडा खरोखर दोन हजारांचा आहे.

भीती हा शब्द मुद्दाम वापरला. अँटिबायोटिक लांबतं ते बहुतेक वेळा जिवाणूंमुळे नाही. खासगी रुग्णालयात रुग्ण ज्यांच्या नावावर दाखल, त्यांचा शब्द शेवटचा. आतड्याचं ऑपरेशन केलेले सर सकाळी येतात, मी म्हणते, “सर, ८५ टक्के उतरलाय, ड्रेन (पोटातून बाहेर काढलेली नळी) साफ आहे, आज बंद करू या?” सर टाक्यांवरची पट्टी उचलून बघतात आणि म्हणतात, “राहू दे गं अजून दोन दिवस. काय बिघडतंय?” काय बिघडतंय याची यादी मी कितीदा पाठ म्हणून दाखवली असेल. कोलिस्टिनने मूत्रपिंडं बिघडतात. आतड्यातले चांगले जिवाणू मरून जुलाब लागतात. आणि जे मरत नाहीत ते क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर शेजारच्या खाटेवर जातात, तिथल्या माणसाला मग कुठलंच औषध चालत नाही. यादीने सर बधत नाहीत. मी काढलेल्या आलेखाने कधीकधी बधतात. या तपासणीचा निम्मा उपयोग हा असा मुत्सद्देगिरीचा आहे, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नाही.

आता एक गुण कशाला दिला ते. ‘संसर्ग आहे का नाही’ असं विचारून पीसीटी लिहायची सवय आमच्या व्यवसायाला लागलीय. सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, माणसाला तासाभरात अँटिबायोटिक जायला हवं. रिपोर्टची वाट बघायची नसते, आणि आजार अगदी ताजा असेल तर आकडा चढायलाही वेळ लागतो. सेप्सिसची २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: सुरू करायचं ते रुग्णाकडे बघून, पीसीटी त्यासाठी नको, थांबवताना, किती दिवस द्यायचं हे स्पष्ट नसेल तर, रुग्णाच्या तपासणीच्या जोडीला ती वापरा. तीही सौम्य शिफारस आहे, आज्ञा नाही.

उलट दिशेने वापरून पाहिली तेव्हा काय झालं तेही नोंदलेलं आहे. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर ‘पास’ चाचणी झाली, निकाल २०११ चा. आकडा अपेक्षेप्रमाणे उतरला नाही की अँटिबायोटिक वाढवायचं आणि नव्या तपासण्या करायच्या, असा नियम. एकही जास्तीचा जीव वाचला नाही. रुग्णांना जास्त ताकदीची औषधं मात्र गेली आणि आयसीयूतला मुक्काम लांबला. आमच्याकडे ‘पीसीटी वाढलाय, हायर अँटिबायोटिक चालू करा’ असा फोन मध्यरात्री येतो तेव्हा मला हे डॅनिश लोक आठवतात.

आकडा वाढायला जिवाणूच लागतात असंही नाही. भाजलेला माणूस, अपघातात हाडं चुरडलेला माणूस, मोठं ऑपरेशन झालेला, हृदय बंद पडून परत आलेला, मलेरिया झालेला: सगळ्यांत तो चढू शकतो. थायरॉईडच्या एका विशिष्ट कर्करोगात कायमचाच चढलेला असतो. आमच्या भागात द्राक्षबागांची औषधं पिऊन येणारे रुग्ण बरेच. उलटी फुप्फुसात गेलेली असते, छातीचा एक्स-रे पांढरा असतो, ताप असतो. पहिल्या दिवशीचा एकटा आकडा त्यांच्यात मला काहीच शिकवत नाही. तिसऱ्या दिवशीही ०.३ वरच बसला असेल, कल्चर कोरं असेल आणि ऑक्सिजनची गरज उतरत असेल, तर मात्र मी धीटपणे औषध काढते. आणि उलट बाजूने, हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, हाडातला, कुठेतरी कोंडलेला पू, यांत आकडा साळसूद राहू शकतो. असे रुग्ण बहुतेक चाचण्यांत घेतलेच नव्हते. त्यांचे कोर्स आठवड्यांत मोजायचे, पीसीटीने कापायचे नाहीत. कल्चरमध्ये टीबी निघाला तरी तेच.

पैशांचं बोलायलाच हवं. चार वेळा केली की आठ-दहा हजार. एक दिवस अँटिबायोटिक वाचलं तर तेवढे वसूल होतात का? साधं औषध चालू असेल तर नाही. मेरोपेनेम, कोलिस्टिन आणि वर बुरशीचं औषध असं चालू असेल तर होऊ शकतात, पण तेही कुठल्या कंपनीची बाटली वापरली यावर, कारण एकाच औषधाच्या छापील किमती कंपनीगणिक कितीतरी पटीने बदलतात. रोज करण्याची काहीच गरज नाही. मी पहिल्या दिवशी एक घेते, आकडा चढता वाटला तर दुसऱ्या दिवशी शिखरासाठी एक, मग चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे बंद करण्याचा प्रश्न खरोखर समोर येतो तेव्हा. पहिला घेतलाच नसेल तर चौथ्या दिवशीच्या आकड्याला टक्केवारी उरत नाही. मग फक्त ०.५ ची रेघ. महात्मा जोतिराव फुले योजनेतल्या रुग्णाचं पॅकेज ठरलेलं असतं, तपासण्या त्याच्याच पोटात, त्यामुळे तिथे व्यवस्थापन हात आखडतं. रोख भरणाऱ्याला रोज पीसीटी आणि योजनेतल्याला एकही नाही, हा प्रकार मी पाहिलाय, आणि दोन्हींतला एकही वैद्यकाच्या हिशेबाने झालेला नव्हता.

नातेवाईकांनी भांडू नये, पण विचारावं. “मॅडम, आजचा पीसीटी बघून तुम्ही काय बदलणार?” हा प्रश्न मला विचारला तर मला राग येत नाही. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती तपासणी मी तिथेच खोडते. सायंकाळच्या भेटीच्या वेळी कुणा मावशींनी असं विचारलं की आमचे ज्युनिअर डॉक्टर बावचळतात, पण दुसऱ्या दिवशी तपासणी लिहिताना दोनदा विचार करतात.

कंपन्यांना आणि लॅबवाल्यांना एकच मागणं. रिपोर्टवर शेजारी ती जुनी पट्टी छापता, ‘०.५ खाली: शक्यता कमी, २ च्या वर: सेप्सिसची शक्यता जास्त’, ती सुरू करायच्या प्रश्नाची आहे. तिच्याऐवजी याच रुग्णाचे मागचे आकडे, तारखा आणि शिखरापासून किती टक्के उतार, एवढं छापा. आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्याला मी हे सांगून बघितलं. पुढच्या अपडेटमध्ये करतो म्हणालाय. तोवर सिस्टर फाईलच्या कव्हरवर निळ्या पेनने आकडे लिहितात आणि मी राऊंडला शेजारी टक्के मांडते.